पिशवीत काय आहे

"तो खाली घाल. टॉवेलांच्या खाली," आत्या म्हणाल्या.

मी निळा डबा हातात धरून उभी होते. पलंगभर उद्याच्या सहलीचा पसारा पडला होता. दोन्ही मुलांचे जास्तीचे कपडे, टोप्या, ओल्या कपड्यांसाठी दुकानातल्या जाड पिशव्या, घाटात मळमळलं तर चोखायला आलेपाक, ओमचं स्टीलचं फुलपात्र, कारण दुसऱ्या कशातून तो पाणी पीत नसे. मधोमध मोठी खाकी पिशवी तोंड वासून बसली होती.

"खाली घातला तर वेळेला हाताला लागायचा नाही, आत्या."

"लागंल. तुझं तू काढशील. पर वर दिसता कामा न्हाय. शोभीची सासू येनार हाय उद्या."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मी कराडची. लग्न होऊन फलटणला आले तेव्हा मोठ्या जावेनं सांगितलं होतं, आपल्याकडे सासूला आत्या म्हणतात. मोठी जाऊ नंतर दिराच्या नोकरीपायी लांब गेली आणि घरात आम्हीच उरलो. मी, हे, आत्या आणि आमची दोन मुलं. रेणू तेव्हा सात वर्षांची होती आणि ओम चारचा.

सहलीची टूम काढली होती शोभावन्संनी. माझी नणंद. त्या ठाण्याला असायच्या. दिवाळीच्या सुट्टीत घाटाखालच्या त्या मोठ्या पार्कात सगळ्यांनी भेटायचं, तिकडून ते येतील, इकडून आपण जायचं, दिवसभर मुलांना पाळण्यांत बसवायचं, असा बेत होता. तिकिटंही त्यांनीच काढून ठेवली होती. मुलं आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हती.

अडचण एवढीच होती, की रेणूला शुगर होती. मोठ्या माणसांची गोळ्यांवर भागते ती नव्हे. लहानपणीच होते आणि जिला रोज इंजेक्शनच लागतं, ती. सकाळी, दुपारी, रात्री. पोटाच्या नाहीतर मांडीच्या चिमटीत बारीक सुई. हे कळून दीड वर्ष झालं होतं, आणि ते घरातल्या आम्हा मोठ्यांना, साताऱ्याच्या डॉक्टरांना आणि रेणूला सोडून कुणाला माहीत नव्हतं. वन्संनाही नाही. शाळेत आम्ही सांगितलं होतं, तिचं पोट नाजूक आहे. इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यात असायची. इंजेक्शन न्हाणीघरात, कडी लावून. सुरुवातीला रेणू रडायची म्हणून मी बादलीत नळ सोडायचे. पुढे ती रडायची थांबली, पण नळ सोडायची सवय राहिली.

हे सगळं आत्यांचं फर्मान होतं. "पोरीची जात हाय. येकदा बोभाटा झाला की कोन करनार तिला?" पहिल्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यातच त्या हे म्हणाल्या होत्या. वाईट बाई नव्हत्या त्या. रेणूचं कळलं त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या चहातली साखर सोडली, घरात पुरणपोळी होऊ दिली नाही. पण त्यांचं प्रेम असं होतं, की पांघरूण घालायचं आणि वरून दाबून धरायचं.

मी डबा टॉवेलांच्या वर ठेवला. आत्यांनी तो उचलून माझ्या हातात परत दिला.

"मी काय म्हनते वसुधा, तू आन् ह्यो जावा ओमला घिऊन. रेणू ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. सांगू शोभीला, ताप आला म्हून."

रेणू दाराशी उभी होती. हातात पोहायचा पोशाख होता. लाल, त्यावर पांढरे ठिपके. तिनं तो दोन दिवसांपूर्वीच घडी घालून उशाशी घेतला होता. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा आजीकडं, आणि पोशाख हळूच पाठीमागं धरला. हट्ट केला नाही की तोंड पाडलं नाही. तो पाठीमागं गेलेला हात मी पाहिला.

"रेणू येणार," मी म्हणाले.

"आगं, पर तिथं..."

"रेणू येणार, आत्या. नाहीतर कुणीच जायचं नाही. आणि तसं असेल तर वन्संना कारण मी सांगेन. खरं कारण."

ह्यांनी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटलं. आमच्या घरात भांडण झालं की ते पान उलटत. नंतर दारात येऊन म्हणाले, "आई, जाऊ दे. वसू घेईल काळजी. वसू, तू पण डबा खाली घाल ना. एवढ्यानं काय होतंय?"

मी डबा खाली घातला. तेवढं मान्य केलं. त्यावर टॉवेल, टॉवेलांवर कपडे. थर्मासमध्ये बर्फ आणि इन्सुलिन सकाळी निघताना ठेवायचं होतं. रेणूच्या जेवणाचा डबा वेगळा होता. दोन चपात्या, मटकीची उसळ, काकडी. डॉक्टरांनी तिच्या खाण्याचं माप ठरवून दिलं होतं आणि इंजेक्शन त्या मापावर चाले. बाहेरचं काहीतरी आणून तिला घालता येत नसे. शिवाय ग्लुकोजची पुडी, बिस्किटं, आणि साखर, कागदाच्या छोट्या पुड्यांत. रक्तातली साखर एकदम खाली गेली तर अशी एक पुडी लगेच तोंडात टाकायची असते.

आत्या गेल्यावर रेणू पलंगावर येऊन बसली. पसाऱ्यातली टोपी घालून पाहिली, काढली.

"आई, तिथं न्हाणीघर असंल?"

"असेल की. एवढं मोठं पार्क आहे."

"कडीचं?"

मी ओमचे मोजे शोधायला लागले.

पहाटे जीप आली. आत्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण त्या सगळ्यांच्या आधी इरकल नेसून पुढच्या सीटवर बसल्या होत्या. पिशवी त्यांनी पायाशी घेतली. रेणूचं सकाळचं इंजेक्शन घरीच झालं होतं. लोणंदच्या पुढं मुलांनी डब्यातले पोहे खाल्ले, ओम घाटात दोनदा ओकला, आलेपाक संपला. उन्हं चढायच्या आत आम्ही पार्काच्या फाटकाशी पोहोचलो.

फाटक म्हणजे मोठा किल्ल्यासारखा दरवाजा, त्यावर रंगीत बुरूज, आणि खाली माणसांच्या रांगा. वन्सं, त्यांचे यजमान जयवंतराव, त्यांचा नऊ वर्षांचा सोहम आणि वन्संच्या सासूबाई आधीच येऊन थांबले होते. सासूबाईंना सगळे जिजी म्हणत. ठसठशीत बाई. तीन तालुक्यांतल्या सोयरिकी त्यांनी जमवल्या होत्या आणि कितीतरी मोडल्याही होत्या, नुसतं "बघा बुवा" म्हणून. आत्या त्यांच्यापुढं नेहमीच जरा हळू बोलत.

मुलांना पाहून मुलं उड्या मारायला लागली. सोहमनं रेणूला हात धरून ओढलं. "तू जहाजात बसशील? मी मागच्या वर्षी बसलो होतो. पोटात गोळा येतो."

"बसणार," रेणू म्हणाली.

आत जाण्याआधी पिशव्या तपासत होते. एक लांबलचक टेबल, पलीकडं गणवेशातली एक बाई आणि बाजूला काठी घेतलेला एक माणूस. टेबलाखाली मोठं पिंप होतं आणि त्यात लोकांचे वडे, चकल्या, केळी, पुरीभाजीच्या पिशव्या पडल्या होत्या. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी होती.

बाईनं आमची पिशवी उघडली. कपडे काढले, टॉवेल काढले. जेवणाचा डबा बाजूला ठेवला. थर्मास उघडून आत डोकावली. मग तळाशी हात घातला आणि निळा डबा वर काढला. झाकण उघडलं. सिरिंजा, कापूस, स्पिरिटची बाटली, बोट टोचून साखर बघायचं यंत्र.

"हे कुणाचं?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी रेणू पुढं झाली. टेबल तिच्या हनुवटीपर्यंत येत होतं. चवड्यांवर उभी राहून, हसऱ्या तोंडानं ती म्हणाली, "ते आजीचं आहे, मावशी. आजीला शुगर आहे ना. आम्ही नुसतं सांभाळतो."

इतकं सहज म्हणाली. अडखळली नाही, माझ्याकडं पाहिलं नाही, डोळ्यांची पापणी हलली नाही. मागून आत्या म्हणाल्या, "व्हय, माझंच हाय."

जिजी म्हणाल्या, "काय सांगताय, विहीणबाई. तुम्हाला कधीपास्नं?"

"झालं वरीसभर."

तपासणारी बाई म्हणाली, "मग हे औषध आणि थर्मास लॉकरला ठेवा. आजींना लागेल तेव्हा येऊन घेऊन जातील. जेवणाचा डबा आत जाणार नाही." आणि तिनं रेणूची चपाती-उसळ पिंपाच्या दिशेनं सरकवली.

दिवाळीच्या आधी, सहामाही परीक्षेत, रेणूला वर्गात साखर कमी झाली होती. तिच्या फ्रॉकच्या खिशात साखरेची पुडी होती. ती मीच रोज ठेवायचे. ती पुडी तिनं उघडलीच नाही. बाकाखाली वाकून बसली, नंतर बसल्या जागी आडवी झाली. बाईंना वाटलं, झोपली. शिपायाच्या बायकोनं तिला उचलून घरी आणलं तेव्हा तिचे केस घामानं भिजले होते आणि जीभ जड झाली होती. मी तोंडात साखर कोंबली, पाणी घातलं. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, अगं, खिशात होती ना पुडी, का नाही खाल्लीस? ती म्हणाली, "शेजारच्या मुलीनं विचारलं असतं, काय खातेस."

आत्या तेव्हा देवळात गेल्या होत्या; त्यांना मी हे सांगितलं नव्हतं. ह्यांनाही अर्धंच सांगितलं होतं. पण सहलीचा विषय निघाल्यापासून मी एवढी अडून का बसले होते, ते यातूनच आलं होतं. आणि आता माझी मुलगी टेबलाला धरून, हसऱ्या चेहऱ्यानं, अनोळखी बाईला सफाईनं खोटं सांगत होती. तिला ते कुणी शिकवलं होतं? आम्हीच. घरातल्या सगळ्यांनी मिळून.

मी जेवणाचा डबा पिंपाच्या तोंडावरून उचलला आणि निळ्या डब्यावर हात ठेवला.

"हे तिच्या आजीचं नाही," मी म्हणाले. "हिचं आहे. माझ्या मुलीचं. तिला शुगर आहे. लहान मुलांना होते ती. दुपारी जेवायच्या आधी तिला इंजेक्शन द्यावं लागतं आणि नंतर हेच जेवण लागतं. दोन्ही आत येणार."

मी मोठ्यानं बोलले. बाईला ऐकू जावं एवढ्याच मोठ्यानं नाही. दीड वर्ष बादलीत नळ सोडून जेवढं दाबलं होतं, तेवढ्या सगळ्या आवाजात. वन्संचं तोंड उघडं राहिलं. आत्यांनी पदर ओढून घेतला आणि त्या बाजूच्या खांबाकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

ह्यांनी माझं कोपर धरलं. "वसू."

"सोडा," मी म्हणाले. त्यांनी सोडलं.

काठीवाल्या माणसानं आणखी कुणाला तरी बोलावलं. निळा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, हातात बोलायचं यंत्र. तो आला, त्यानं निळा डबा पाहिला, रेणूला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मॅडम, आजारी मुलांना राइडवर बसवता येत नाही. नियम आहे. तुम्ही बसा आत झाडाखाली, बाकीची मुलं खेळतील."

"ती आजारी नाही."

"आत्ताच तुम्ही म्हणालात."

"मी म्हणाले तिला शुगर आहे. आजारी आहे असं नाही म्हणाले. ती रोज शाळेत जाते, दोरीवरच्या उड्या मारते, झाडावर चढते. डॉक्टरांनी सगळं करायला सांगितलंय. कुठं लिहिलाय तुमचा नियम?"

त्यानं पाटी दाखवली. हृदयविकार, पाठीचं दुखणं, गरोदर स्त्रिया. मी ती पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवली. शुगर कुठंच नव्हती.

"सर्वसाधारणपणे असं असतं, मॅडम. काही झालं तर कोण जबाबदार?"

मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, आमची मुलं उन्हात उभी आहेत. एका मुलीसाठी सगळ्यांनी ताटकळायचं का? घेऊन जा ना तिला घरी."

मी वळून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या खांद्यावर एक लहानगी बसली होती, रेणूपेक्षाही लहान. मला त्यांचा राग आला नाही. मला एकदम स्वच्छ दिसलं, की आम्हीही दीड वर्ष तिला हेच सांगत होतो. घेऊन जा घरी. दार लावा.

मी खाकी पिशवी उचलली, आत जायच्या फिरत्या दांड्यासमोर जमिनीवर ठेवली आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसले.

"तुमच्या साहेबांना विचारा," मी म्हणाले. "विचारून होईपर्यंत मी इथं बसते. माझी मुलगी या पिशवीसकट आत जाणार आणि बाकीची मुलं ज्यात बसतील त्यात बसणार. लॉकर नाही, झाडाखाली नाही."

"मॅडम, रस्ता अडतोय."

"अडू दे."

ओमला वाटलं, सहल सुरू झाली. तो येऊन माझ्या मांडीवर बसला. रेणू उभीच होती, लाल झालेली. तिला लाज वाटत होती हे मला दिसत होतं, आणि मी उठले नाही. काही वेळानं तीही माझ्या शेजारी टेकली. आणि मग, मला अजूनही ते सांगताना बरं वाटतं, ह्यांनी पायजम्याच्या घडीची पर्वा न करता पिशवीच्या पलीकडच्या बाजूला बैठक मारली. आयुष्यात पहिल्यांदा पान न उलटता. त्या निळ्या शर्टवाल्याला ते म्हणाले, "ती म्हणतेय ते बरोबर आहे." एवढंच. त्यांच्या मानानं ते भाषण होतं.

यंत्रावर बरंच बोलणं झालं. रांगेतल्या काही बायका पुढं आल्या, एकीनं विचारलं, एवढ्या लहान मुलांनाही होते? मी म्हणाले, होते. दुसरी म्हणाली, मग आत सोडा की तिला. रांग आता निळ्या शर्टवाल्यावर कुरकुरायला लागली. शेवटी त्यानं दांडा फिरवला.

"जा. पण काही झालं तर आमची जबाबदारी नाही."

"कधीच नव्हती," मी म्हणाले आणि पिशवी उचलली.

आत गेल्यावर आत्या आमच्यापासून दहा हात अंतर ठेवून चालत होत्या. वन्सं माझ्या बरोबरीनं आल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता.

"मला पण नाही सांगितलंत, वहिनी. मी परकी का?"

"नाही सांगितलं, वन्सं. आता सांगितलं."

"चारचौघांत?"

"हो. चारचौघांतच सांगायला हवं होतं, पहिल्याच दिवशी."

त्यांना ते झोंबलं. पुढं बराच वेळ त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पण ओमला त्यांनी कडेवर घेतलं आणि रेणूच्या पायातली चप्पल सैल झाली होती तिचा पट्टा वाकून आवळला.

मुलं पाण्यातल्या घसरगुंडीवर गेली. रेणू लाल पोशाखात वरून खाली आली, धपकन पाण्यात पडली, उठली, नाकातलं पाणी झटकलं आणि पुन्हा जिन्याकडं पळाली. अधूनमधून मी तिला बाहेर बोलवायचे, बिस्किट द्यायचे, ती ते उभ्या उभ्या चावायची. सोहम म्हणाला, "मला पण." मग दोघंही बिस्किटं खाऊन परत पळाले.

दुपारी मुलांचे ओले कपडे बदलून आम्ही जेवायला खाण्याच्या जागेत आलो. मोठं छप्पर, खाली लांब लांब बाकं, सगळीकडं माणसं, ताटं, थंड पेयांचे ग्लास, रडणारी मुलं. जयवंतराव कूपनं घेऊन खिडकीशी गेले. मी पिशवीतून निळा डबा काढला आणि बाकावर ठेवला. टॉवेलावर नाही, टॉवेलाखाली नाही. बाकावर, मधोमध.

रेणूनं इकडंतिकडं पाहिलं. "आई, न्हाणीघर तिकडं आहे."

"माहीत आहे. इथंच देऊ."

जिजी समोर बसल्या होत्या. आत्या त्यांच्या शेजारी. त्या उठल्या, पिशवीतला मोठा टॉवेल काढला आणि रेणूभोवती पडद्यासारखा धरला. "आडोसा धरते मी. लवकर आवर."

"नको, आत्या."

"वसुधा, आता फुरं कर. सकाळी केलंस तेवढं लई झालं."

"टॉवेल खाली ठेवा, आत्या. तिनं काही चोरलेलं नाही."

त्या टॉवेल धरून तशाच उभ्या राहिल्या. मी थांबले. घाई केली नाही. शेवटी टॉवेल हळूहळू खाली आला.

मी यंत्रानं रेणूचं बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. आकडा ठीक होता. थर्मासमधली बाटली काढून सिरिंज भरली, बोटानं टिचकी मारून बुडबुडा वर घालवला. उजेडात ते किती सोपं होतं. न्हाणीघरातल्या पिवळ्या बल्बखाली मला तो बुडबुडा कधी धड दिसला नव्हता.

सोहम बाकावर गुडघे टेकून बघत होता. "दुखतं?"

"थोडंसं," रेणू म्हणाली. मग म्हणाली, "मुंगी चावली तर दुखतं ना, त्यापेक्षा कमी. आई, आज मी दाबू?"

तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी सुई टोचली आणि सिरिंजचा दांडा तिच्या बोटाखाली दिला. तिनं जीभ दातांत धरून तो हळूहळू दाबला, शेवटपर्यंत. शेजारच्या बाकावरच्या लोकांनी पाहिलं. पाहिलं आणि परत जेवायला लागले. जगबुडी झाली नाही. डाळभाताचा वास येत होता तसाच येत राहिला.

जिजींनी गालाला हात लावला. "अगं बाई. एवढीशी पोर. रोज असं?" मग आत्यांकडं झुकून, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "अवघड झालं की हो विहीणबाई. आता हिचं पुढं कसं व्हायचं? कोण पत्करणार असली मुलगी?"

मी बोलायला तोंड उघडलं. पण मी बोलायच्या आत आत्या बोलल्या.

"तुमच्याकडं मागनं घालाया आलोय का आमी?"

जिजी दचकल्या. मीही. आत्यांनी जिजींकडं सरळ पाहिलं. या बाईपुढं नेहमी दबून बोलणाऱ्या आत्या. त्यांचा चेहरा सकाळपासून होता तसाच होता, रागानं ताणलेला. तो राग माझ्यावर होता, मला खात्री आहे. पण त्यांनी तो जिजींवर काढला.

"सात वर्साची पोर हाय ती. आत्ता तिला भूक लागलीया. पत्कारनारा यील तवा यील, न्हाय आला तर आमच्या घरात काय भाकरीला कमी हाय? जेवू द्या तिला." मग रेणूला, "बस खाली. चपाती घे."

जिजींनी ताट पुढं ओढलं. रेणूनं दोन्ही चपात्या खाल्ल्या, उसळ बोटानं पुसून घेतली. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पुढं महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, हेही खरं. आम्ही घरी पोहोचायच्या आधी ती बातमी फलटणात पोहोचली होती, आणि चौकशीला येणाऱ्या प्रत्येकीला मी दारात उभी राहून तेच सांगत होते, हो, शुगर आहे, या, आत बसा. पण ते सगळं नंतरचं.

जेवण जिरल्यावर मुलं जहाजाकडं पळाली. एक मोठं लाकडी जहाज लोखंडी खांबांना टांगलेलं होतं. ते मागंपुढं झुलत झुलत एवढं वर जायचं, की आतली माणसं आकाशाला पाठ लावून ओरडायची. रेणू उंचीच्या खुणेच्या वर भरत होती. ती आणि सोहम पायऱ्या चढले. मी आणि आत्या कठड्याशी थांबलो. पिशवी आमच्या मधे होती.

वर दांडे लावणारा माणूस रेणूपाशी थांबला. फाटकावरून निरोप गेला असावा. "थांब. सकाळी गेटवर झालं ते तुमचंच ना? तुला काहीतरी आजार आहे म्हणे?"

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग काढून घेतला. का, ते मला सांगता येणार नाही. तिच्या पाठीकडं पाहून वाटलं, थांबावं.

मग रेणूचा आवाज आला. सकाळच्या त्या गोड, गुळगुळीत आवाजासारखा नव्हता. जरा चिरका होता, जरा भीतीचा, आणि पुष्कळ मोठा.

"मला शुगर आहे. आजार नाही. मी आत्ताच इंजेक्शन घेतलंय आणि जेवलेय. चक्कर आली तर खिशात साखर आहे." तिनं पुडी काढून त्याला दाखवली. "बसू का?"

त्या माणसानं पुडीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या मांडीवरचा दांडा खाली ओढून घट्ट केला, एकदा हलवून पाहिला आणि पुढच्या मुलाकडं गेला.

जहाज हलायला लागलं. आधी थोडं, मग वर, मग आणखी वर. मागचं टोक आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा मला रेणूचे दोन्ही हात दिसले, दांड्यावरून सुटलेले, हवेत. ती ओरडत होती. सगळीच मुलं ओरडत होती, त्यात तिचा आवाज कुठला ते मला कळेना.

आत्या मान वर करून बघत होत्या. एका हातानं त्यांनी डोक्यावरचा पदर धरला होता. जहाज चारसहा वेळा वर गेलं आणि खाली आलं. मग माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या,

"उतारल्यावर तिला काय द्यायचं असतं खायला?"

"काही लागणार नाही कदाचित. एखादं बिस्किट. आधी बोट टोचून बघायचं."

"कसं बघायचं ते?"

मी पिशवीकडं हात नेला. पण आत्या आधीच खाली वाकल्या होत्या. सगळ्या माणसांच्या गर्दीत, कठड्याच्या कडेला, इरकलीचा ओचा सावरत त्यांनी निळा डबा बाहेर काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढं धरला.

"दाव मला," त्या म्हणाल्या.